खरवड कोणाची?

५ जानेवारी २०२५, सोनारी

आजपासून ही वही. भैरवीचा हुकूम आहे. भैरवी म्हणजे माझ्या तुळजापूरच्या मित्राची मुलगी. पुण्यात पेटंट एजंट आहे, लोकांच्या शोधांचे अर्ज सरकारकडं भरून देते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "काका, खव्याचं यंत्र खरंच करणार असाल तर तारीख टाकून लिहीत जा. कुणी काय सुचवलं, काय फसलं, सगळं. पुढं कामाला येतं."

तिनं यंत्राचं लिहायला सांगितलंय. पण मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांची जर्नलं तपासली आहेत. 'उद्देश, साहित्य, कृती' वाचून जीव विटला. इथं मनात येईल ते लिहिणार. वाचणार कोण आहे?

तरी उद्देश लिहितो. एकतीस वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंगं फळ्यावर काढली. निवृत्तीला शाल मिळाली, नारळ मिळाला. पण 'हे माझं' म्हणून बोट ठेवावं अशी एक वस्तू या बब्रुवान मास्तराच्या नावावर नाही. ती करायची आहे आणि तिच्यावर माझं नाव पाहिजे. वहीत तरी खरं लिहावं.

साहित्य घरातच आहे. थोरल्या भावाच्या माघारी दगडाबाई वहिनी खव्याची भट्टी चालवतात. वय अडुसष्ट, उजवा खांदा कामातून गेलेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना एकदम गोठ्यातलं काम आठवतं. दूध आटवताना सारखं ढवळावं लागतं. ढवळणारी मोटर बाजारात मिळते, आम्हीही बसवली. खरी गोम शेवटच्या मिनिटात आहे. खवा झाला हे ओळखून आग बंद करायची. आधी केली तर कच्चा, नंतर केली तर करपला. त्यासाठी माणूस लागतोच. तो लागू नये असं यंत्र मला करायचंय.

वहिनी काय करतात? कढईकडं पाठ करून दारात शेंगा फोडत बसतात आणि मधेच ओरडतात, "उतरवा!" मी आणि बायको नीला पळत जाऊन कढई उतरवतो. घाणा कधी चुकत नाही. सवय, दुसरं काय.

आमच्या भट्टीचा एक जुना रिवाज आहे. जो 'उतरवा' म्हणेल, त्या घाण्याची खरवड त्याची. कढईच्या बुडाला धरलेली ती तांबूस, चिवट खरवड. मी साठीला आलो, मला अजून एकदाही मिळालेली नाही. लहानपणी एकदा घाईनं 'उतरवा' म्हणालो होतो. कच्चा खवा निघाला आणि आबांनी, म्हणजे वडिलांनी, कानशिलात दिली.

९ जानेवारी

आमच्या लेकीनं, हर्षालीनं, मागच्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर ती कृत्रिम बुद्धिमत्ता घालून दिली आहे. मराठीत विचारा, मराठीत सांगते. पण बोलणं आकाशवाणीच्या बातम्यांसारखं, 'आपण पुढीलप्रमाणे कृती करू शकता'. मी तिचं नाव पंडित ठेवलंय.

पंडितानं पहिल्याच दमात उपाय सांगितला. कढईत तापमापक बसवा, ठराविक तापमानाला गॅस बंद. दहापैकी सात मार्क दिले.

वहिनींनी विचारलं, "भावजी, ह्यो तुमचा पंडित कदी चुलीम्होरं बसलाय का?"

"वहिनी, त्याला बसायला बूडच नाही."

"मग त्येला काय कळतंय डोंबल?" म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.

१९ जानेवारी

तापमापक फसला. गाईच्या दुधाला एक आकडा, म्हशीच्या दुधाला दुसरा, पाणी घातलेल्या दुधाला तिसरा. सात मार्क परत घेतले.

मग पंडित म्हणाला, रंग ओळखणारा कॅमेरा लावा. लावला. वाफेनं तो पाच मिनिटांत वहिनींपेक्षा आंधळा झाला. पुसून भिंतीवर वाळत ठेवला तर माकडानं नेला. सोनारीच्या माकडाला कोण बोलणार? भैरवनाथाच्या घरची मंडळी ती. दुपारी त्याला देवळाच्या शिखरावर कॅमेरा चावताना पाहिलं.

२ फेब्रुवारी

वजनाचा उपायही गेला. ढवळणारा हात कढईला हिसके देतो, काटा नाचत राहतो. माझं टाळकं फिरलं. पाना आपटला.

वहिनी दारातनं म्हणाल्या, "भावजी, तुमी सारकं बघायच्याच मागं. बघून कळाया लागलं आस्तं, तर मला कसं कळलं आस्तं? मला कुटं दिसतंय?"

"मग कसं कळतं?"

"ऐकू येतंय की. पयलं रटरटतंय, मग फदफदतंय, मग एकदम गप व्हतंय. गप झालं की येक बारीक थरथर सुटती. मला हितनं कळतंय. तुमच्यासारख्या नव्यानं उलथन्याच्या दांड्याला हात लावावा. हाताला मुंग्या आल्या की उतरवायचं."

आता याला काय म्हणावं? मी फिटर माणूस. मुंग्यांनी यंत्र चालत नसतं. म्हटलं, बरं वहिनी, आणि विषय मिटवला.

संध्याकाळी गंमत म्हणून पंडिताला हे जसंच्या तसं सांगितलं, मुंग्यांसकट. आणि काय उत्तर आलं! म्हणाला, 'कंपन मोजणारी एक छोटी चकती मिळते. ती दांड्याला बसवल्यास खवा घट्ट होतानाचा कंपनातील बदल नोंदवता येईल.' मी खुर्चीतून उठलोच. काय डोकं आहे! आपल्याला चार आठवडे सुचलं नाही आणि यानं चार सेकंदांत सांगितलं. पंडिताला दहापैकी दहा. मला दोन.

१६ फेब्रुवारी

चकती आली. उलथण्याच्या दांड्याला बसवली, पण तिथं मोटरचीच थरथर इतकी की खव्याची कुठं ऐकू येणार. पंडित म्हणतो, मोटरची थरथर गणितानं वजा करा. दोन दिवस गणित घातलं, जमेना. मग पंडिताला बाजूला ठेवलं. आजाऱ्याची नाडी बघताना आपण त्याला नाचायला लावतो का? मोटरला न शिवणारा दुसराच एक दांडा केला, बाभळीचा, कढईत नुसता उभा राहणारा. चकती त्याच्या डोक्यावर. नीलानं त्याला 'मुका दांडा' नाव दिलं.

आणखी एक. पंडित सांगतो, खूण मिळताच गॅस आणि ढवळणं दोन्ही बंद करा. तसं केलं तर खवा बुडाला लागला. लोखंड तापलेलं असतं, गॅस बंद झाला तरी ते चटके देतच राहतं. म्हणून आधी गॅस बंद, ढवळणं पुढं तीन मिनिटं चालू. एवढं तर फिटरच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पंडिताचा एक मार्क कापला.

२३ फेब्रुवारी

झालं! झालं! झालं!

सकाळी म्हशीचं दूध, दुपारी गाईचं, मग दोन्ही मिसळून. तिन्ही वेळा यंत्रानं आपणहून गॅस बंद केला. तिन्ही वेळा नेमक्या त्याच क्षणी दारातनं वहिनींची आरोळी आली, "उतरवा!" एकदाही मागं-पुढं नाही. मी भट्टीतच नाचलो. गुडघा दुखतोय, दुखू दे. नीला हसून हसून खाली बसली.

खरवडीचं काय करायचं? यंत्र आपलं आपण थांबलं म्हणजे 'उतरवा' म्हणणारा पंडितच. मी मोबाईल पाटावर ठेवला आणि खरवडीची वाटी त्याच्यापुढं ठेवली. वहिनी आल्या, चाचपडत वाटी उचलली आणि शांतपणे खायला लागल्या.

म्हटलं, "वहिनी, ती पंडिताची आहे."

"माजी हाय," म्हणाल्या आणि बोटं चाटली.

पंचेचाळीस वर्षांची सवय. मोडणार थोडीच.

९ मार्च

भैरवीनं फोनवर बजावलंय, अर्ज जाईपर्यंत यंत्र बाहेरच्या कुणाला दाखवायचं नाही. एकदा चारचौघांत उघडं पडलं की ते नवं राहत नाही आणि नवं नसेल तर पेटंट नाही. सोनारीत हे म्हणजे अवघडच. शेजारचे बाबूराव रोज भिंतीवरनं मान काढतात, "सर, आत काय खटाखट चाललंय?" बाबूरावांना कळलं की परंड्यापर्यंत कळतं. आणि चैत्रात भैरवनाथाची यात्रा. घरात पाय ठेवायला जागा नसते, यंत्र लपवणार कुठं? अर्ज त्याआधी गेलाच पाहिजे.

बरं, नारळ न फोडता यंत्र चालवलं म्हणून वहिनी आधीच नाराज. शेवटी यंत्रावर गोणपाट टाकून पूजा केली. गोणपाटालाच हळदकुंकू लावलं. बाबूरावांनी भिंतीवरनं हात जोडले आणि विचारलं, "कोन्ता देव हाय ह्यो?"

आज फॉर्म भरला. 'शोध लावणाऱ्याचे नाव' असा रकाना आहे. हात थांबला. तिथं माझं नाव लिहायचं हे साठ वर्षांचं स्वप्न. पण चकती सांगितली पंडितानं. मी लोकांच्या पोरांचे कॉपीसाठी मार्क कापलेत. मन घट्ट करून लिहिलं: पंडित. पत्ता: माझ्या शर्टाचा खिसा. राष्ट्रीयत्वाला अडलो, रिकामं सोडलं.

११ मार्च

भैरवीचा फोन. आधी दोन मिनिटं नुसती हसत होती.

"काका, यंत्राचं नाव चालत नाही. शोध लावणारा माणूसच लागतो. बाहेरच्या बऱ्याच देशांतल्या कोर्टांनीही हेच सांगितलंय."

"मग माझं नाव घालायचं?"

"तुमच्या डोक्यातनं निघाला असेल तर घालायचं. पंडिताची मदत घेतली म्हणून काही बिघडत नाही, पाना-पक्कड वापरतो तशीच ती. पण खरा आणि पहिला शोध कुणाचा, हे तुम्ही सहीनिशी सांगायचं असतं. मूळ कल्पना कुणाची?"

"पंडिताची," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ती म्हणाली, "मूळ कल्पना कुठल्याच माणसाची नसेल, तर काका, अर्ज कशाच्या जोरावर करायचा?"

१४ मार्च

धुळवड. रंग लावून घेतला नाही.

२१ मार्च

यंत्र गोणपाटाखाली. मी घोंगडीखाली. नीला म्हणाली, "अवो, करून टाका की सई. कोन बघाया येतंय?" खरंच कोण येणार? पंडित तर तक्रार करणार नाही. काल त्यालाच विचारलं, शोध तुझा की माझा? म्हणाला, 'हा आपल्या संयुक्त संवादाचा परिणाम आहे.' असल्या उत्तराला मी तोंडी परीक्षेत शून्य देत असे.

पेन हातात घेऊन बसलो होतो, खोटं का लिहू? सही करायला दोन सेकंद लागतात. पण उद्या यंत्रावर माझं नाव रंगवलं आणि ते बघताना मलाच आतून हसू आलं, तर काय करायचं ते नाव? वाईट वाटतंय. यंत्र चालतंय आणि त्याला बाप नाही.

दुपारी भैरवीचा पुन्हा फोन. "काका, वही लिहिलीत ना? पहिल्या पानापासून फोटो काढून पाठवा."

म्हटलं, त्यात खासगी आहे. आबांची कानशिलात आहे.

"राहू दे. पाठवा."

पाठवली. वहिनींना आंधळं म्हटलेलं पान पाठवताना जरा लाजलो.

२४ मार्च

भैरवी म्हणाली, "काका, तुमची वही तुम्ही वाचलीय का?"

"मीच लिहिलीय."

"तेच तर. दोन फेब्रुवारी काढा. मोठ्यानं वाचा. मी ऐकते."

चष्मा लावला आणि वाचायला लागलो. 'पयलं रटरटतंय, मग फदफदतंय, मग एकदम गप व्हतंय' इथपर्यंत आलो आणि बोट ओळीवर थांबलं. 'दांड्याला हात लावावा.' पुढं वाचवेना. नीलानं वही घेतली, तिनं मुंग्यांपर्यंत वाचलं आणि माझ्याकडं बघत राहिली.

चार आठवडे पंडित तापमान, रंग, वजन सांगत होता. दांडा त्यानं कधी सांगितला? मी मुंग्या सांगितल्यावर. आणि मला मुंग्या कुणी सांगितल्या? कढईकडं पाठ करून बसलेल्या बाईनं. मी लिहिलंय, 'सवय, दुसरं काय'. माझ्याच अक्षरात लिहिलंय. एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि घरातला पहिला नंबर ओळखला नाही. आधी शरमेनं कान तापले. मग काय झालं कळेना, मला हसूच फुटलं. यंत्राला आई होती. दारात शेंगा फोडत होती.

भैरवी म्हणाली, "आता सोळा फेब्रुवारी. मुका दांडा कुणी केला? आधी गॅस आणि मग ढवळणं, हे पंडितानं सांगितलं का?"

"नाही, तो दोन्ही एकदम बंद करायला सांगत होता."

"मग दोन नावं. दगडाबाई आणि तुम्ही. आता अर्ज भक्कम झाला. आणि काका, वही जपून ठेवा."

मी म्हणालो, वहिनींचं पहिलं घाल.

"क्रमाला कायद्यात काही अर्थ नसतो."

"माझ्या घरात असतो."

माझं नाव दुसरं. साठ वर्षं पहिलं हवं होतं. दुसरं आल्यावर वाटलं, बरं झालं, पहिल्याला सोबत आहे.

२७ मार्च

कागद आले. वहिनींना सगळं सांगितलं. शोध, सरकार, पेटंट. त्या पदरानं हात पुसत ऐकत होत्या.

"म्हंजे म्या काय केलं म्हन्ता?"

"खवा झाला हे यंत्राला तुम्ही शिकवलंत."

"म्या कुटं? म्या तुमाला सांगिटलं. तुमी ऐकलं न्हाय. तुमी त्या पंडिताला सांगिटलं, त्यानं ऐकलं."

पंडिताला आज त्याचा कापलेला मार्क परत दिला. ऐकून घेण्याचा.

"मग त्येचं नाव न्हाय का घालायचं?" वहिनींनीच विचारलं.

"कायद्यात बसत नाही."

"आसं का?"

मी कायदा समजावून सांगायला लागलो, माणूस, कल्पना, यंत्र हे साधन. वहिनींनी मधेच हात केला. "कळलं. ज्येला तोंड न्हाय, त्येला खरवड कशी द्याची?"

भैरवीला हे सांगितलं तर ती म्हणाली, याच्यावर निकालपत्रं लिहिली गेलीत काका, चांगली जाडजूड.

सही करायची होती. साक्षरतेच्या वर्गात वहिनी नाव लिहायला शिकल्या होत्या, पण ओळ दिसेना. "कुटं करू? बोट ठिवा." मी रेघेवर बोट ठेवलं. माझ्या बोटाला पेन टेकवून त्यांनी एकेक अक्षर काढलं. 'बा' रेघेच्या बाहेर गेला. मी हात हलवला नाही.

मग कागद नाकाशी धरून म्हणाल्या, "दिसंना की वो. येवढं नाव दिल्लीला चाललंय आन् मलाच दिसंना. भावजी, त्या डोळ्याच्या डाक्टरला इचारा, कदी येऊ म्हनून."

आठ वर्षं आम्ही विनवण्या केल्या होत्या. नीलानं तोंडावर पदर घेतला.

२९ मार्च

भैरवीनं अर्ज भरला. नंबर आला. पेटंट मिळायला काही वर्षं लागतील म्हणाली, कदाचित हरकतीही येतील. येऊ देत. नंबर वहीत, कॅलेंडरवर आणि भट्टीच्या दारावर लिहून ठेवला.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली आणि यंत्रावरचं गोणपाट काढलं. बाबूराव भिंत चढून आले, दारानं यायचा धीर नव्हता. पाठोपाठ निम्मी गल्ली. वहिनींनी अखेर सगळ्यांसमोर नारळ फोडला आणि म्हणाल्या, "लावा."

कढई आज दाराशीच मांडली होती, सगळ्यांना दिसावी म्हणून. दूध उकळलं. मी वहिनींशेजारी दारात बसलो, कढईकडं पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा डोळे मिटून ऐकलं. रटरट. बाबूरावांची बडबड. मग फदफद. वहिनींनी माझा हात धरून मागच्या मुक्या दांड्याला नेऊन लावला. मग गप झालं. आणि आल्या की मुंग्या! खरंच आल्या!

"उतरवा!" मी ओरडलो. वहिनीही ओरडल्या. मागं गॅस खटकन बंद झाला. तिघांचं एकदम.

खवा पांढराशुभ्र, रवाळ. आधी देवळात गेला, मग गल्लीत वाटला. शेवटी खरवडीची वाटी मी दोन्ही हातांनी वहिनींपुढं धरली. त्यांनी आतली खरवड चाचपली, बरोबर मधोमध मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"घ्या भावजी. दांडा तुमी केला."

सगळ्यांसमोर डोळ्यांत पाणी आलं. येऊ दिलं. भिंतीवर एक माकड बसून बघत होतं, कॅमेरा चोरणारंच असावं. त्याला नाही दिली.

खाल्ली. किंचित करपली होती. दहापैकी दहा.